गाड्या थांबल्या, मग संवेग गेला कुठे?

ऐरोलीहून अकरावीतल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "बाह्य बल नसेल तर एकूण संवेग अक्षय्य राहतो, असं पुस्तकात आहे. पण रस्त्यावर घर्षण असतं, ब्रेक असतात. दोन गाड्या आदळतात, थोड्या घसरतात आणि थांबतात, म्हणजे शेवटी संवेग शून्य. मग हा नियम खऱ्या अपघाताला लागतो का? लागत असेल तर संवेग जातो कुठे? आणि अपघात कुणी पाहिलेला नसताना गाड्यांचे वेग कसे काढतात? क्लासमध्ये विचारलं तर म्हणाले, परीक्षेपुरतं लक्षात ठेव."

परीक्षेपुरतं ठेवू नकोस. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. गेली २६ वर्षं अपघातातल्या वाहनांची तपासणी करते, कधी विम्याच्या दाव्यासाठी, कधी मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे अहवाल द्यायला. राहते ठाण्यात नौपाड्याला, आणि काम बहुतेक ठाणे-बेलापूर रस्ता, पाम बीच, घोडबंदर, मुंब्रा बायपास या पट्ट्यातलं. दोन वाहनांच्या टक्करीचा अहवाल लिहायला बसले की पहिल्या कोऱ्या पानावर तुझ्या पुस्तकातलं हेच समीकरण असतं. तुला पडलेला प्रश्न मला कोर्टात वकिलांनी अनेकदा विचारला आहे, जवळजवळ याच शब्दांत. तेव्हा नीट सांगते. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, दिशेसकट.

नियम लागतो. पण तो टक्कर चालू असते तेवढ्याच वेळापुरता वापरायचा. त्याच्या आधी ड्रायव्हर ब्रेक दाबत असतो तेव्हा नाही, आणि नंतर गाड्या घसरत असतात तेव्हाही नाही.

"बाह्य बल नसेल तर" या तीन-चार शब्दांत दोन प्रश्न दडलेले आहेत. बाह्य म्हणजे कशाच्या बाहेरचं? आणि नसेल म्हणजे किती वेळ नसेल? म्हणून मी कागदावर आधी एक रिंगण आखते आणि दोन्ही गाड्या त्याच्या आत ठेवते. रस्ता, टायरखालचं घर्षण, वारा, दुभाजक हे सगळं रिंगणाबाहेर. मग मनातलं घड्याळ लावते: बंपर पहिल्यांदा टेकला की सुरू, पत्रा चेपायचा थांबला की बंद. मोटारींच्या टक्करीत हा काळ साधारण ०.१ सेकंदाचा असतो. रिंगण कुठलं आणि घड्याळ कधीपासून कधीपर्यंत, हे ठरल्याशिवाय पुढचं एकही गणित मी करत नाही. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं चुकतात ती गुणाकार-भागाकारात नाही, इथे चुकतात.

आता एक खरी टक्कर घेऊ. वाशीतला एक चौक, आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत. माणसांसकट १,२०० किलोची मोटार दक्षिणेकडून उत्तरेला चालली होती आणि मालासकट १,८०० किलोचा छोटा टेम्पो पश्चिमेकडून पूर्वेला. चौकात दोघं आदळले, एकमेकांत अडकले, आणि तसेच अडकलेले ९ मीटर घसरत जाऊन थांबले. घसरण्याची दिशा पूर्वेपासून उत्तरेकडे ३७ अंश कललेली. सिग्नल बंद होता. दोन्ही ड्रायव्हरांचं म्हणणं एकच, "मी हळूच होतो, तोच जोरात आला."

मी हिशेब उलटा करते, शेवटापासून सुरुवातीकडे. शेवट पक्का ठाऊक असतो: गाड्या थांबल्या, वेग शून्य. त्याआधी त्या ९ मीटर घसरल्या. चाकं अडकलेली असतील तर कोरड्या डांबरावर घर्षणांक (रस्त्याची पकड किती ते सांगणारा आकडा) साधारण ०.७ धरता येतो. घसरायला लागतानाच्या वेगाचा वर्ग म्हणजे २ गुणिले घर्षणांक गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले अंतर: २ × ०.७ × ९.८ × ९ = १२३.५ च्या आसपास. त्याचं वर्गमूळ ११.१ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ४० किलोमीटर. टक्कर संपली त्या क्षणी हा वेग होता. लक्षात घे, इथपर्यंत मी संवेगाचा नियम वापरलेलाच नाही. घसरताना रस्ता गाड्यांना सतत मागे ओढत होता, तिथे तो लागूच होत नाही.

आता घड्याळातल्या त्या ०.१ सेकंदात शिरू. टक्कर संपताना दोघांचं मिळून वस्तुमान ३,००० किलो, वेग ११.१, म्हणजे एकूण संवेग ३३,३०० किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद. त्याचे दोन घटक करू. ३७ अंशाची कोज्या (cos) ०.८ आणि ज्या (sin) ०.६ धरली तर पूर्वेकडे सुमारे २६,६५० आणि उत्तरेकडे सुमारे २०,०००. टक्करीच्या आधी पूर्वेकडचा संवेग फक्त टेम्पोकडे होता, कारण मोटार पूर्वेकडे जातच नव्हती. म्हणून २६,६५० भागिले १,८००, येतात १४.८ मीटर प्रति सेकंद, ताशी सुमारे ५३ किलोमीटर. उत्तरेकडचा सगळा मोटारीचा: २०,००० भागिले १,२००, येतात १६.७, म्हणजे ताशी ६०. वेग मोजणारं यंत्र नाही, कॅमेरा नाही, साक्षीदार नाही. रस्त्यावरचे काळे पट्टे, एक टेप आणि एक कोन मोजायचं साधन एवढ्यावर दोन्ही वेग हातात येतात. २६ वर्षं झाली, तरी शेवटची ओळ लिहून पेन खाली ठेवताना मला आजही तेवढाच आनंद होतो.

"पण त्या ०.१ सेकंदातसुद्धा घर्षण होतंच ना?" हो, होतं. किती होतं ते बघ. टक्करीत मोटारीचा वेग उत्तरेकडच्या १६.७ वरून बदलून पूर्वेकडे ८.९ आणि उत्तरेकडे ६.७ झाला. हा एकूण बदल १३.४ मीटर प्रति सेकंदाचा. त्याला १,२०० ने गुणलं तर संवेगातला बदल सुमारे १६,०००, आणि तो ०.१ सेकंदात झाला, म्हणजे टेम्पोने मोटारीवर लावलेलं सरासरी बल १,६०,००० न्यूटन. रस्ता त्याच मोटारीवर जास्तीत जास्त किती घर्षण लावू शकतो? ०.७ × १,२०० × ९.८, म्हणजे सुमारे ८,२०० न्यूटन. वीसपट कमी. दोन्ही गाड्यांची सगळी चाकं पूर्ण अडकलेली होती असं मानलं तरी त्या ०.१ सेकंदात रस्ता फार तर २,०६० इतका संवेग काढून घेईल, ३३,३०० पैकी साधारण ६ टक्के. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण आदळण्याच्या क्षणी सगळी चाकं अडकलेली क्वचितच असतात. म्हणजे पुस्तकातलं "बाह्य बल शून्य" हे रस्त्यावर अक्षरशः खरं नसतं. बाह्य बल असतं, पण त्याला काही करायला वेळ मिळत नाही. या काही टक्क्यांची नोंद मी अहवालात करते, आणि ताशी ६० असं एकच बोट न दाखवता ५६ ते ६४ असा पट्टा देते.

आता तुझा मधला प्रश्न, संवेग गेला कुठे. रिंगण मोठं कर आणि पृथ्वीलाही आत घे. घसरताना टायरनी रस्त्याला पुढे रेटलं, रस्त्याने टायरला मागे. गाड्यांकडचा ३३,३०० संवेग रस्त्यामार्फत पृथ्वीला मिळाला. पृथ्वीचं वस्तुमान ६ वर २४ शून्यं इतके किलो, तेव्हा तिच्या वेगात पडलेला फरक इतका लहान की एका सेकंदात ती त्यामुळे अणुकेंद्रकाच्या व्यासाच्या लाखाव्या भागाइतकीही सरकत नाही. पण हिशेबात तो आहे. आणि मोटार घरून निघाली तेव्हा तिच्या चाकांनी पृथ्वीला तेवढंच मागे ढकललेलं होतं. घेतलेलं उसनं थांबताना परत गेलं. म्हणून दिवसाअखेर पृथ्वीही जागेवर आणि मोटारही.

समोरासमोर आदळलेल्या दोन सारख्या गाड्या सारख्याच वेगाने येत असतील तर त्या जागीच थांबतात, तेव्हा मात्र पृथ्वीलाही आत घ्यावं लागत नाही. एकीचा संवेग अधिक, दुसरीचा उणे, बेरीज आधीपासूनच शून्य. नाहीसं काहीच झालं नाही.

हे अधिक-उणे म्हणजेच या विषयाचा गाभा आहे, आणि तो समजायला मोठ्या माणसांनाही वेळ लागला. फ्रेंच तत्त्वज्ञ आणि गणिती देकार्तने १६४४ मध्ये लिहिलं की विश्वातली गती कायम राहते, आणि ती मोजायला त्याने वस्तुमान गुणिले चाल घेतली. दिशा घेतली नाही. त्यातून त्याने एक नियम काढला: लहान वस्तू कितीही वेगाने आली तरी स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूला हलवू शकत नाही, ती फक्त उलटी फिरते. हे तपासायला प्रयोगशाळा नको. कॅरम काढ.

बोरिक पावडर टाकून बोर्ड छान गुळगुळीत कर. स्ट्रायकर मधोमध ठेव आणि एक सोंगटी बोटाने टिचकी मारून त्याच्यावर सरळ समोर आदळव. कॅरमच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची आणि स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंतचा, म्हणजे आपण एकास तीन धरू. सोंगटी उलटी येईल, आणि स्ट्रायकर पुढे सरकेल. देकार्तचा नियम तिथेच पडला. टक्कर अगदी पूर्ण स्थितिस्थापक, म्हणजे गतिज ऊर्जा जराही न गमावणारी, असती तर सोंगटी निम्म्या वेगाने मागे आली असती आणि स्ट्रायकर निम्म्या वेगाने पुढे गेला असता. देकार्तच्या रीतीने बेरीज कर: आधी ५ गुणिले वेग. नंतर अडीच आणि साडेसात मिळून १० गुणिले वेग. बोर्डावर दुप्पट गती कुठून आली? आता चिन्हासकट कर: उणे अडीच अधिक साडेसात बरोबर ५. जुळलं. लाकडाच्या सोंगटीची टक्कर पूर्ण स्थितिस्थापक नसते, दोन्ही वेग निम्म्याहून थोडे कमी भरतील, पण चिन्हासकटची बेरीज तीच राहील.

उलटं करून बघ. स्ट्रायकरने सुट्या सोंगटीला सरळ मार. सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या दीडपटीपर्यंत सुटते आणि स्ट्रायकर निम्म्या वेगाने तिच्यामागे त्याच दिशेने जात राहतो. सरळ शॉटला सोंगटीमागोमाग स्ट्रायकरही भोकात जातो आणि सोंगटी परत काढावी लागते, ते याच्यामुळे. आणखी एक गंमत: मोकळ्यावर असलेली एकटी सोंगटी स्ट्रायकरला त्याच्या वाटेवरून साडेएकोणीस अंशांपेक्षा जास्त वळवू शकत नाही, कट कितीही बारीक घे. हा कोन संवेग आणि ऊर्जा यांच्या समीकरणांतूनच निघतो, त्याची ज्या म्हणजे वस्तुमानांचं गुणोत्तर, एक तृतीयांश. "पण आमचा स्ट्रायकर सोंगटीला लागून उलटा येतो" असं कुणी म्हणालं तर ती सोंगटी कुठे होती ते विचार. ती फ्रेमला चिकटलेली असणार. तिथे फ्रेमने मागून रेटा दिला, आणि फ्रेम आपल्या रिंगणाबाहेर आहे. कॅरमवरची फ्रेम आणि पाम बीचवरचा दुभाजक यांची हिशेबातली जागा एकच.

देकार्तची चूक लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला खटकत होती. सोसायटीने १६६८ मध्ये टक्करीचे नियम मांडायचं आवाहन केलं आणि वॉलिस, रेन आणि हॉयगन्स या तिघांची उत्तरं आली. हॉयगन्सची युक्ती मला फार आवडते. त्याने कल्पना केली की संथ पाण्यावर एक होडी चालली आहे, होडीतला माणूस दोन्ही हातांत दोऱ्यांना टांगलेले गोळे एकमेकांवर आदळवतो आहे, आणि काठावरचा माणूस बघतो आहे. दोघांना वेग वेगवेगळे दिसतात, पण टक्कर एकच, तेव्हा नियम असा हवा की दोघांनाही पटेल. ठाण्याच्या खाडीवरून लोकल जाताना खिडकीत बसून हे मनात करून बघ. डब्यात दोन गोट्या एकमेकींवर आदळल्या, तुला दिसलेले वेग निराळे, पुलाखालच्या होडीतल्या कोळ्याला दिसलेले निराळे, आणि संवेगाचा हिशेब दोघांचाही जुळतो.

पुढे न्यूटनने दोरीला टांगलेले निरनिराळे गोळे आदळवून मोजमाप केलं. काचेचे गोळे १६ च्या वेगाने जवळ आले तर १५ च्या वेगाने दूर जात, घट्ट आवळलेल्या लोकरीचे गोळे ९ ने जवळ आले तर ५ ने. उसळी पदार्थागणिक बदलली. संवेगाची बेरीज मात्र काचेतही तीच, लोकरीतही तीच. माझ्या कामात याचा उपयोग असा की मोटारीचा पत्रा किती उसळी देतो हे ठाऊक नसलं तरी माझं अडत नाही. ऊर्जेवर विसंबले असते तर अडलं असतं.

कारण गतिज ऊर्जा टक्करीत टिकत नाही. वाशीच्या चौकातलाच हिशेब घे. आधी मोटारीची गतिज ऊर्जा सुमारे १,६७,००० ज्यूल, टेम्पोची १,९७,०००, एकूण ३,६४,०००. टक्कर संपताना अडकलेल्या जोडगोळीची १,८५,०००. जवळजवळ निम्मी गेली. ती बॉनेट चेपण्यात, दरवाजा आत वळण्यात, काचा फुटण्यात, आवाजात आणि उष्णतेत गेली. संवेगातून मात्र एक किलोग्रॅम मीटर प्रति सेकंदही आत जिरला नाही, कारण पत्रा चेपताना एका गाडीने दुसरीला जितकं ढकललं तितकंच दुसरीने पहिलीला, उलट दिशेने, तितकाच वेळ. ऊर्जेला दिशा नसते, ती उष्णता होऊन पसरू शकते. संवेगाला दिशा असते, त्याला लपायला जागा नाही. परीक्षेत "टक्करीत काय अक्षय्य राहतं" असं आलं आणि टक्कर स्थितिस्थापक आहे असं लिहिलेलं नसेल, तर गतिज ऊर्जेचं समीकरण लिहायचा मोह आवर.

आता एक चूक सांगते, माझी स्वतःची. या कामात मला चौथं की पाचवं वर्ष होतं. साधारण अशीच काटकोनातली टक्कर, असाच छोटा टेम्पो. मी वस्तुमान आरसी बुकातून घेतलं, रिकाम्या टेम्पोचं, आणि ड्रायव्हरचं वजन त्यात धरून १,००० किलो लिहिलं. टेम्पो मी पाहिला तेव्हा रिकामाच होता. वरच्याच आकड्यांत ते घालून बघ. एकूण वस्तुमान २,२००, संवेग २४,४००. पूर्वेकडे सुमारे १९,५५०, भागिले १,०००, टेम्पोचा वेग ताशी ७०. उत्तरेकडे १४,६५०, भागिले १,२००, मोटारीचा वेग ताशी ४४. त्या रस्त्यावर मर्यादा ५० ची होती. माझ्या कागदावर टेम्पोवाला बेदरकार ठरला आणि मोटारवाला निर्दोष.

अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी टेम्पोचा ड्रायव्हर हाताला प्लास्टर घालून भेटायला आला. बोलता बोलता म्हणाला, "ताई, माल तर त्याच रात्री दुसऱ्या गाडीत भरून पाठवला, नाहीतर नासला असता." तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधून निघालेली पन्नास-पन्नास किलोची सोळा पोती. ८०० किलो. मी वजनकाट्याची पावती मागवली, ती जुळली. १,८०० घालून पुन्हा हिशेब केला तेव्हा टेम्पो ५३ आणि मोटार ६०. दोघंही मर्यादेच्या वर, आणि मोटार जास्त. रस्त्यावरचे पट्टे तेच होते, कोन तोच होता, सूत्र तेच होतं. सोळा पोत्यांनी दोष इकडचा तिकडे गेला असता. त्या माणसाचं लायसन्स म्हणजे त्याच्या घराची चूल होती. तेव्हापासून डिलिव्हरी चलान किंवा काट्याची पावती बघितल्याशिवाय मालवाहू गाडीचं वस्तुमान मी लिहीत नाही. बस असेल तर किती माणसं होती ते विचारते. टँकर असेल तर किती भरलेला होता ते, आणि अर्धा भरलेला असेल तर आतलं पाणी हिंदकळतं, तो हिशेब आणखी निराळा.

दुसरी जपायची गोष्ट पाऊस. ०.७ घर्षणांक कोरड्या रस्त्याचा. ओल्या रस्त्यावर तो ०.४५ पर्यंत येऊ शकतो. मग तेच ९ मीटर घसरायला ताशी ४० नव्हे, ३२ पुरतात, आणि मोटारीचा वेग ६० वरून ४८ वर उतरतो. म्हणून जून ते सप्टेंबरमधल्या प्रकरणात मी पंचनाम्यातली वेळ आणि पाऊस केव्हा थांबला हे आधी बघते. डांबरावर खाडीकडची बारीक माती आलेली असेल तर तेही लिहून घेते. शक्य असेल तेव्हा त्याच रस्त्यावर तशाच टायरची गाडी घसरवून घर्षण मोजते. अलीकडच्या गाड्यांना एबीएस असल्याने चाकं पूर्ण अडकत नाहीत आणि काळे पट्टे फिके किंवा तुटक उमटतात. तेव्हा टक्करीची जागा ठरवायला डांबरात पडलेले खोल ओरखडे, पट्ट्याने अचानक घेतलेलं वळण, कूलंट सांडायला सुरुवात झाली ती जागा, या खुणा शोधाव्या लागतात. काचांवर फार विसंबू नये, त्या उडून लांब जातात.

उरण फाट्याच्या बाजूला कंटेनर आणि मोटारींच्या समोरासमोर टकरी बघते तेव्हा लोक हमखास म्हणतात, कंटेनरने मोटारीला जास्त जोराने मारलं. बल दोघांवर सारखंच होतं. १५,००० किलोचा ट्रक ताशी ४० ने आला, समोरून १,००० किलोची मोटार ६० ने, आणि दोघं अडकले असं धर. १५,००० × ४० उणे १,००० × ६०, भागिले १६,०००, येतात ३३.७५. ट्रकचा वेग सव्वासहाने घटला. मोटारीचा ६० वरून शून्यावर येऊन पुन्हा मागच्या दिशेला ३३.७५ झाला, म्हणजे ९३.७५ ने बदलला. पंधरापट, कारण वस्तुमान पंधरा पट. ट्रकचा ड्रायव्हर जबाबात लिहितो "थोडा धक्का जाणवला" आणि तो खोटं बोलत नसतो. मोटारीतल्या माणसाचं शरीर मात्र तेवढ्याच वेळात ९३ चा बदल सोसतं. पट्टा आणि एअरबॅग हा बदल कमी करू शकत नाहीत, तो संवेगाने ठरवलेला आहे. ते फक्त तो बदल व्हायला लागणारा वेळ वाढवतात आणि बल कमी करतात. बॉनेट मुद्दाम चेपेल असं बनवलेलं असतं तेही त्यासाठीच.

याच्याच शेजारचा एक गैरसमज: दोन सारख्या गाड्या ५० ने समोरासमोर आदळल्या तर ते १०० ने भिंतीवर आदळल्यासारखं. नाही. प्रत्येक गाडी ५० वरून शून्यावर येते, बरोबर मधल्या रेषेवर. न हलणाऱ्या भिंतीवर ५० ने आदळली असती तरी तेच झालं असतं. ऊर्जा दुप्पट आहे हे खरं, पण ती झेलायला पत्राही दुप्पट आहे.

शेवटी, हा नियम जिथे खरा असूनही मी वापरत नाही ती जागा. ट्रक आणि स्कूटर. ट्रक १५,००० किलो, स्कूटर आणि चालक मिळून १७५. नियम इथेही पाळला जातो, पण ट्रकचा वेग मोजण्यात माझी ताशी एका किलोमीटरची चूक झाली तर ती स्कूटरच्या वेगात १५,००० भागिले १७५, म्हणजे जवळजवळ ८६ किलोमीटरची चूक होऊन उतरते. स्कूटर ३० ने होती की १०० ने, हे त्या समीकरणातून कुणालाही सांगता येणार नाही, आणि कुणी संवेगाच्या नावाने तसा आकडा कोर्टात दिला तर मी त्याला विरोध करते. अशा वेळी जवळच्या दुकानाचं किंवा सोसायटीच्या गेटवरचं फुटेज मागवते. रस्त्यावर जाऊन फुटेजमध्ये दिसणाऱ्या दोन विजेच्या खांबांमधलं अंतर टेपने मोजते, स्कूटरला पहिल्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत यायला किती फ्रेम लागल्या ते मोजते, आणि त्या कॅमेऱ्याच्या एका सेकंदात किती फ्रेम असतात हे फुटेजवरच्या वेळेशी ताडून बघते. अंतर भागिले वेळ, सातवीतलं सूत्र, पण तिथे तेच विश्वासाचं.